आश्विनातला लोकरी स्वेटर

भागिरथाबाईंनी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं जनावरं धरली. डॉक्टर सुई टोचत तेव्हा त्या शिंगं धरत, डॉक्टर औषध पाजत तेव्हा त्या जबडा उघडून धरत. नवरा गुरांच्या दवाखान्यात परिचर होता. तो गेल्यावर त्याच्या जागेवर त्यांना घेतलं. रुजू झाल्या तेव्हा त्या म्हशीला घाबरत. निवृत्त झाल्या तेव्हा म्हशी त्यांना घाबरत होत्या. या मधल्या काळात आठ डॉक्टर आले आणि बदलून गेले. नवा डॉक्टर पहिले सहा महिने भागिरथाबाईंना शिकवत असे. सातव्या महिन्यापासून चिठ्ठी लिहिण्याआधी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे.

आता त्या अनसिंगात विहारामागच्या दोन खोल्यांत राहतात. सोबत एक शेळी आणि एका डोळ्यानं अधू असलेली मांजर. सकाळी दात घासत असतानाच कोणीतरी दारात उभं असतं. कोणाची बकरी फुगलेली, कोणाच्या कुत्र्याचा कान वाहणारा. भागिरथाबाई बघतात, सांगतात, आणि बहुतेकदा ते बरोबर निघतं. तरी त्यांच्या सल्ल्यात दोन मोठे दोष आहेत. तो फुकट असतो, आणि तो सगळ्यांना समजतो. अशा सल्ल्यावर माणसं सहसा विश्वास ठेवत नाहीत.

आश्विन हा त्यांचा सगळ्यात कामाचा महिना. पाऊस गेलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, पहाटे गवतावर दव असतं. आणि दहा वाजले की तेच आभाळ भट्टीसारखं तापतं. शेताशेतांत सोयाबीनची सोंगणी चालू, मळणीयंत्रांचा धूर, हवेत कुटार. त्या भुशानं कुत्र्यांचे डोळे लाल होतात. गोदामात उंदरांसाठी विष ठेवतात आणि ते मांजर खाते. गोचीड तर याच दिवसांत असा वाढतो की कुत्र्याचा कान द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. मग कोणी हुशार माणूस फवारणीतून उरलेलं औषध फडक्यावर घेऊन कुत्र्याच्या अंगाला चोळतो. मागच्या वर्षी गावातल्या लखमानं असंच केलं होतं.

"गोचीड तं मेले ना, बाई!" असं वर तोंड करून तो म्हणाला होता.

"मेले ना. अन् कुत्रं कुठी हाये?"

लखमानं पायानं माती सारखी केली होती.

यंदाच्या आश्विनात मात्र अनसिंगातल्या प्राण्यांच्या आरोग्याची जबाबदारी मारोतरावांनी घेतली. मारोतरावांची चाळीस एकर जमीन, रस्त्यावर दुमजली घर, आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत उभं राहायची बारा वर्षांची इच्छा. या बारा वर्षांत त्यांनी नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण, हळदीकुंकू सगळं करून पाहिलं होतं. माणसांचं काही करायचं शिल्लक उरलं नव्हतं. तेवढ्यात घरात लिओ आला.

लिओ हा मारोतरावांच्या मुलाचा, हरीओमचा कुत्रा. हरीओम पुण्याला कंपनीत असतो. लिओ बर्फाळ मुलुखातल्या जातीचा. निळे डोळे, गादीसारखी दाट लव, शेपटी पाठीवर वळलेली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो रात्रभर लांडग्यासारखा गळा काढी. सोसायटीनं नोटीस दिली, तेव्हा आषाढात हरीओम त्याला गाडीत घालून अनसिंगला आणून सोडून गेला. तेव्हा पाऊस होता, हवेत गारवा होता. लिओ अंगणात चिखलात लोळला आणि सगळ्यांना वाटलं, मानवलं याला.

तो सगळ्यात जास्त मानवला रंगूबाईंना. रंगूबाई म्हणजे हरीओमची आई. शांत, कमी बोलणारी बाई. घरात दोन स्वयंपाकघरं असूनही एका कोपऱ्यात बसून जेवणारी. लिओ येण्याआधी हरीओमचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तोही वडिलांना. लिओ आल्यापासून तो दिवसातून दोनदा येऊ लागला, सकाळी नवाला आणि संध्याकाळी आठाला, आणि थेट रंगूबाईंना.

"आई, लिओ दाखव."

रंगूबाई फोन कुत्र्याकडे वळवत. हरीओम त्याच्याशी बोले, हसे, त्याला बाळ म्हणे. फोन ठेवताना कधीकधी "बरी आहेस ना?" असंही विचारी. आषाढापासून हे असं चाललं होतं.

भाद्रपदात हरीओमनं एक लेख पाठवला. कोणत्यातरी दूरदेशीच्या लेखाचं कोणीतरी घाईनं केलेलं भाषांतर होतं ते. नाव, 'शरद ऋतूत तुमच्या लाडक्याची काळजी: चौदा सूत्रं'. शरदात थंडी वाढते, म्हणून कुत्र्याला उबदार कपडे घाला. शरीर गरम ठेवायला त्याला जास्त ऊर्जा लागते, म्हणून खाणं वाढवा. शेकोटीजवळ जाऊ देऊ नका. पानगळीच्या ढिगात खेळताना लक्ष ठेवा. असं बरंच. मारोतरावांनी ते वाचलं आणि त्यांना मार्ग दिसला. रंगूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि लाल लोकर मागवली.

स्वेटर विणायला त्यांना तीन आठवडे लागले. गळ्यातून घालायचा, चार पायांना चार बाह्या, पोटाखाली लोकरीच्या बंदांच्या सहा गाठी. विणकाम देखणं होतं. हरीओमनं फोनवर पाहिलं आणि तो पहिल्यांदाच म्हणाला, "आई, काय भारी केलंस गं!" त्या दिवसापासून नऊच्या फोनला लिओ स्वेटरमध्ये असे.

भागिरथाबाईंनी त्याला पाहिलं ते घटस्थापनेच्या दोन दिवस आधी. रंगूबाईंनीच बोलावलं होतं. कुत्रा खात नाही म्हणून. बारा वाजले होते. लिओ जिन्याखाली फरशीला पोट लावून पडला होता आणि भात्यासारखा हलत होता.

"रंगूबाई, याले हे काय घातलं?"

"स्वेटर."

"दिसून राह्यला. काहून घातला?"

"शरद ऋतू हाये ना. थंडी वाढते म्हणते, लेखात."

भागिरथाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून उन्हाच्या झळा उठत होत्या.

"लेख लिहिणाऱ्याच्या गावात वाढत असंन. याच्या अंगावर देवानं आधीच दोन रजया घालून पाठवलं याले. तुमी तिसरी कायले घालता? काढा हे. दुपारी सावलीत ठेवा, भांड्यात पानी ठेवा, फिरवायचं तं दिवस उगवायच्या आत. खायले कमी द्या. बस."

"हरीओम सकाळी पाह्यते त्याले," रंगूबाई हळूच म्हणाल्या. "स्वेटर दिसला नाई तं पुसते."

"तं सांगा ना त्याले, का इथं ऊन हाये."

रंगूबाईंनी स्वेटरची सैल झालेली एक गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाल्या, "बाई, तो या कुत्र्यासाठी फोन करते. मी काही चुकलो, अन् त्यानं हे कुत्रं परत नेलं, का याले काही झालं, तं तो मले कायले फोन करन?"

भागिरथाबाईंना यावर औषध ठाऊक नव्हतं. त्यांनी लिओच्या तोंडाजवळ पाण्याचं भांडं सरकवलं आणि एवढंच ठरवून घेतलं, की सकाळच्या फोनपुरता स्वेटर घालायचा आणि लगेच काढायचा. तसं ठरलं आणि काही दिवस तसं चाललं.

मग शिबिर आलं.

'शरद ऋतू पाळीव प्राणी आरोग्य व संगोपन महाशिबिर' असा फलक शाळेच्या मैदानावर लागला. फलकावर मारोतराव पूर्ण, लिओ अर्धा, आणि मागं केशरी पानांची झाडं, जी अनसिंगपासून कारंजापर्यंत कोणी पाहिलेली नव्हती. चौदा सूत्रांची पत्रकं छापून घरोघरी वाटली. पत्रकाच्या तळाशी लिहिलं होतं: जनावरांची नोंदणी सकाळी नऊ वाजता, उद्‌घाटन दहा वाजता.

माणसं नऊला आली. कोणी शेळ्या आणल्या, कोणी पोत्यात मांजर, कोणी सशांची जोडी. एकानं बैलजोडी आणली. त्याला सांगितलं, की हे शिबिर लाडक्या प्राण्यांचं आहे. तो म्हणाला, "मंग हे काय दोडके हायेत काय?" बैलांचीही नोंद झाली.

मांडव मोठा होता. त्यात दोनशे खुर्च्या, चार पंखे, व्यासपीठ, आणि व्यासपीठावर सोफा. थंड पाण्याचे पाच कॅन पाहुण्यांसाठी मागं ठेवलेले. जनावरांसाठी मैदानाचा उरलेला भाग होता. मोकळा, प्रशस्त, आणि एकाही झाडाचा अडथळा नसलेला.

दहा वाजले. प्रमुख पाहुणे वाशीमला दुसऱ्या एका उद्‌घाटनात होते. साडेदहा वाजले. सूत्रसंचालक भाऊसिंग सर माईकवरून प्राणिप्रेमाच्या कविता म्हणत होते. अकरा वाजले. मांडवाच्या बाहेर प्रवेशद्वाराशी लाल फीत बांधलेली होती आणि फितीशेजारी लाल स्वेटरमध्ये, गळ्यात झेंडूचा हार घालून, लिओ उभा होता. पाहुण्यांचं पहिलं स्वागत त्यानं करायचं होतं. ही कल्पना मारोतरावांची. रंगूबाई त्याचा पट्टा धरून, पदराची सावली त्याच्यावर धरून उभ्या होत्या. समोर स्टँडवर मोबाईल लावून थेट प्रक्षेपण चालू होतं. पुण्याहून हरीओम बघत होता. त्यानं बदामाचं चिन्हही पाठवलं होतं.

भागिरथाबाईंच्या छातीवर 'स्वयंसेविका' असा बिल्ला होता. काम तेच, जनावरं धरायचं. त्या शेळ्यांच्या रांगेतून फितीपाशी आल्या.

"रंगूबाई, याले सावलीत घ्या."

"हरीओम पाहून राह्यला. अन् यायनं इथंच थांबाले सांगतलं."

मारोतराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत घाम पुसत तिथंच होते. "दहा मिनिटं हो, बाई! पाव्हणे निघाले हायेत. तुमी तिकडच्या बकऱ्या पाहा."

"दहा मिनिटं तुमी घाला स्वेटर," भागिरथाबाई म्हणाल्या.

आजूबाजूचे हसले. मारोतरावही हसले, कारण मोबाईल चालू होता. मग ते गाडी कुठवर आली ते विचारायला गेले. व्यासपीठावर पशुवैद्य डॉ. धम्मपाल बसलेले होते. तरुण माणूस, वर्षभरापूर्वी स्वतःचा दवाखाना काढलेला. त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला होता आणि दोनदा त्यांना खांदा दाबून बसवलं होतं. सत्कार झाल्याशिवाय डॉक्टरांनी जनावरांना हात लावणं बरं दिसलं नसतं.

पावणेबारा वाजता लिओचं धापणं बदललं. आधी तो लांब जीभ काढून भराभर श्वास घेत होता. आता जीभ जांभळट झाली, लाळ तारेसारखी चिकट झाली, आणि त्याचे मागचे पाय दारू प्यायलेल्या माणसासारखे फाकले. रंगूबाई त्याला "उभा राह्य रे राजा" म्हणाल्या. तो बसला, मग आडवा झाला. हारातली फुलं मातीत दबली.

"बाई!" एवढंच त्या ओरडल्या.

भागिरथाबाई धावल्या. हिरड्या पाहिल्या, मांडीच्या सांध्यात हात घातला. पोळीच्या तव्यासारखं अंग.

"स्वेटर काढा."

गाठी निघेनात. लाळेनं आणि अडकलेल्या लवेनं लोकर आवळली होती. भोवती गर्दी जमली आणि गर्दीला नेहमीप्रमाणे सगळं माहीत होतं.

"फिट आली. चप्पल हुंगवा!"

"कांदा फोडा कांदा!"

"नजर लागली हो. फोटो किती काढले लोकायनं!"

मारोतराव धावत आले, त्यांनी पाहिलं, आणि हाताशी होती ती सत्काराची शाल ओली करून लिओच्या अंगावर पांघरली.

"शाल काढा!" भागिरथाबाईंनी ती ओढून फेकली. "कोंडून मारता काय त्याले? कैची आणा. कैची!"

मैदानावर दोनशे खुर्च्या होत्या, माईक होता, पंचवीस नारळ होते. कात्री एकच होती. पितळी तबकात, कुंकू लावून, लाल कपड्यावर ठेवलेली. भाऊसिंग सर तबक धरून उभे होते.

"बाई, ही फितीची आहे," ते म्हणाले. "अजून उद्‌घाटन..."

भागिरथाबाईंनी कात्री उचलली आणि रंगूबाईंच्या हातात दिली.

"कापा."

रंगूबाईंनी स्वेटरकडे पाहिलं. मग मोबाईलकडे पाहिलं. तो आता तिथं नव्हता. शिबिराची बदनामी नको म्हणून कोणीतरी स्टँड उचलून व्यासपीठाकडे वळवला होता. रंगूबाईंनी कात्री पोटाखाली घातली आणि तीन आठवड्यांचं विणकाम एका रेषेत उभं कापलं. लोकर फाटतानाचा आवाज फार लहान होता.

"आता पानी. थे कॅन आणा."

"पाव्हण्यायचं पानी हाये थे!" मारोतराव म्हणाले.

"पाव्हण्यायची जीभ बाहेर आली काय?"

कॅन आले. भागिरथाबाईंनी लिओला मांडवाच्या सावलीत ओढलं, एक पंखा आडवा करून त्याच्याकडे वळवला आणि पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर पाणी सोडायला सुरुवात केली. कोणी बर्फ आणला. एकदम इतकं गार नको म्हणून त्यांनी तो परत पाठवला. कोणी तोंडात पाणी ओतू लागला. त्याच्या हातावर त्यांनी चापट मारली. डॉ. धम्मपाल आता सोफ्यावरून उठून, खांदा दाबणारा हात झटकून, आले. थर्मामीटर लावला.

"मावशी, एकशे सात."

"सलाईन हाये ना पेटीत? मी पाय धरतो."

त्यांनी पाय धरला. डॉक्टरांना शीर पहिल्या खेपेला मिळाली. इकडे बारा वीसला पाहुणे आले. फीत हातानं सोडवून उद्‌घाटन झालं. मारोतराव एकदा व्यासपीठाकडे आणि एकदा कुत्र्याकडे बघत मध्येच कुठंतरी उभे राहिले. आणि मग, हे मात्र सांगायला हवं, ते व्यासपीठाकडे गेले नाहीत. पाहुण्यांनी मुक्या प्राण्यांच्या वेदनेवर पस्तीस मिनिटं भाषण केलं. त्यांच्या पाठीमागं दहा हातांवर लिओचा ताप उतरत होता: एकशे पाच, एकशे चार, एकशे तीन. तिथं, आता अंग जास्त गार पडू नये म्हणून, भागिरथाबाईंनी पाणी थांबवलं.

"वाचला?" रंगूबाईंनी विचारलं.

"अजून नाई सांगता येत. डोकं वाचलं, आपल्याकडं पाहून राह्यला. पन आतून मूत्रपिंड भाजलं असंन तं दोन दिवसांत जाते. तो मुतला पायजे. अन् पिवळं मुतला पायजे. लाल-काळं आलं तं कठीण हाये."

मग ती वाट बघणं सुरू झालं. भाऊसिंग सरांनी माईकवर जाहीर केलं, की शिबिरात एकशे बारा जनावरांची यशस्वी तपासणी झाली आहे. प्रत्यक्षात तपासलेलं जनावर एकच होतं. पाहुणे गेले. बैलवाला गेला, शेळ्या गेल्या, खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढल्या. उन्हं कलली. मैदानावर कुटाराचे कण सोनेरी दिसायला लागले. मांडवाखाली चार माणसं एका कुत्र्याच्या मागच्या बाजूकडे टक लावून बसली होती. त्यात एक भावी जिल्हा परिषद सदस्य होता. बारा वर्षांत मारोतरावांनी कशाची इतकी मनापासून वाट पाहिली नसेल.

साडेचारला लिओनं डोकं उचललं. भांड्यातलं थोडं पाणी चाटलं. पाचला तो लटपटत उभा राहिला, चार पावलं चालला, मांडवाचा बांबू हुंगला. त्यानं पाय उचलला, तोल गेला, पुन्हा उचलला.

भागिरथाबाई गुडघे टेकून वाकल्या आणि बांबूच्या बुडाशी बघत राहिल्या.

"पिवळं," त्या म्हणाल्या. "गर्द हाये. पन पिवळं हाये."

मारोतराव खाली मातीत बसले, पांढऱ्या कपड्यांसकट. डॉ. धम्मपाल म्हणाले, उद्या सकाळी रक्त तपासू, आज रात्री अंगणात ओल्या मातीवर झोपवा.

रंगूबाईंच्या हातातला फोन वाजला. दुपारपासून तो अकरा वेळा वाजला होता. हरीओम होता.

"आई, काय झालं? एकदम स्टेजच दिसायला लागलं. लिओ दाखव."

रंगूबाईंनी फोन कुत्र्याकडे वळवला नाही. स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

"दाखवतो. आधी ऐक." आणि त्यांनी सांगितलं. स्वेटरपासून सुरुवात केली. रोज नवाच्या फोनपुरता कसा घालत होत्या, आज का काढला नाही, तो कसा पडला, कात्रीनं काय कापलं, बाईंनी काय केलं, मघाशी बांबूपाशी काय झालं. एवढं सलग बोलताना त्यांना मारोतरावांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुह्या लेखातली थंडी इथं पडत नाई. तू त्याले परत नेशीन तं ने. पन आता स्वेटर नाई."

भागिरथाबाई उगीच पंख्याची वायर गुंडाळत राहिल्या.

"आई," हरीओम म्हणाला, आणि पुण्यात सात वर्षं जपलेलं त्याचं बोलणं जागेवरून सरकलं. "तू सकाळपासून उनातच व्हती काय? पानी पेली का तू?"

रंगूबाईंनी पाचही रिकाम्या कॅनकडे पाहिलं.

"नाई," त्या म्हणाल्या.

भागिरथाबाई तोवर तांब्या घेऊन शाळेच्या हापशीकडे निघाल्या होत्या.